कुडलचा दगड आणि वळसंगची विहीर : गावाचा वारसा कुणी ठरवायचा?



गावाचा वारसा काय, असे कोणत्याही गावात जाऊन विचारा. उत्तर ठरलेले असते. ग्रामदैवताचे देऊळ, त्याची यात्रा, पाटलाचा वाडा, पडकी गढी, वेस, वेशीजवळचा एखादा वीरगळ. शाळेच्या भिंतीवर हीच चित्रे असतात आणि ग्रामपंचायतीच्या कॅलेंडरवरही हीच. आता हाच प्रश्न त्याच गावातल्या बौद्ध वस्तीत, विहाराच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांना विचारा. तिथलेही उत्तर ठरलेले आहे. "आमचा काय संबंध? गाव त्यांचं, देऊळ त्यांचं, वारसा त्यांचा."

दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही ही दोन्ही उत्तरे इतक्या वेळा ऐकली आहेत, की आता ती ऐकल्यावर आम्हाला त्यांच्यातला फरक दिसत नाही, सारखेपणाच दिसतो. दोन्ही उत्तरे एकच गोष्ट गृहीत धरतात. गाव म्हणजे वेशीच्या आतले गाव. वेशीबाहेर जे घडले तो इतिहास नव्हे. पहिला माणूस हे गर्वाने मानतो, दुसरा रागाने मानतो, पण मानतात दोघेही. प्रस्थापितांनी आखलेली रेघ आपणच गिरवत बसलो, तर ती पुसणार कोण?

म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की वारसा म्हणजे अभिमान नव्हे, वारसा म्हणजे पुरावा. आणि पुरावा ज्याने सोसले त्याच्याकडे असतो.

बाबासाहेबांनी गाव नाकारले, मग आपण कशाला सांभाळायचे?

हा आक्षेप आमचे जाणते कार्यकर्ते घेतात आणि तो वजनदार आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याची पूजा करणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हणून गौरवले होते. राज्ये आली आणि गेली, पण खेडे जसेच्या तसे राहिले, असे त्याचे म्हणणे. बाबासाहेबांनी विचारले, नुसते टिकून राहण्याला काय किंमत आहे? कोणत्या पातळीवर टिकले ते पाहा. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, हे त्यांनी तिथे निःसंदिग्धपणे मांडले, आणि मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याआधी जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती. चळवळीचा संदेश स्पष्ट होता. गाव सोडा.

आमच्या आजोबांच्या पिढीने तो ऐकला. कुणी सोलापूरच्या गिरणीत आले, कुणी मुंबईला गेले, कुणी रेल्वेत लागले. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करू शकलो ते त्या गाव सोडण्यामुळेच. तेव्हा गावाकडे परत वळून डोळे ओले करणारे लेखन आम्हाला करायचे नाही. मातीचा वास, पारावरच्या गप्पा, सुगीतला हुरडा हे सगळे ज्यांना आठवते त्यांना आठवू द्या. आमच्या लोकांना त्या सुगीतले बलुते आठवते, जे मागायला दारात उभे राहावे लागे.

पण गाव सोडणे वेगळे आणि गावातला पुरावा सोडून येणे वेगळे. घर सोडताना माणूस भांडी मागे ठेवेल, कागदपत्रे ठेवत नाही. आपण मात्र भांडी घेऊन आलो आणि कागदपत्रे मागे ठेवली.

पुराव्याची किंमत काय असते हे महाडने दाखवले आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपल्या लेकरालाही पाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? स्पृश्यांचा दावा असा होता की अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. म्हणजे आजच्या भाषेत परंपरा, वारसा. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. लक्षात घ्या मित्रहो, हा लढा भावनेवर जिंकला नाही. परंपरा आहे असे नुसते म्हणून चालत नाही, ती सिद्ध करावी लागते, हे कोर्टात ठरले म्हणून तो जिंकला. गावाचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाला आपण हाच प्रश्न विचारायला हवा. सिद्ध करा. कुणी बांधले, कुणी वाहिले, कुणाला आत घेतले, कुणाला बाहेर ठेवले?

जो वाचेल तो जिंकेल

आता आपल्या जिल्ह्यातले एक गाव घेऊ. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. सीना आणि भीमा जिथे मिळतात तिथले हे शेतकऱ्यांचे गाव. नदीपलीकडे कर्नाटक. लोक मराठीही बोलतात आणि कन्नडही. संगमावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे आणि त्या देवळात एक शिलालेख आहे. शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. अक्षीचा लेख आधीचा, श्रवणबेळगोळचा आधीचा की कुडलचा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तो त्यांनी घालावा. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी या भागातल्या दगडांवर चिकाटीने काम केले आणि कुडलचे महत्त्व लोकांसमोर आणले. त्यांचे ऋण सोलापूरकरांनी मानलेच पाहिजे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून अशा जुन्या लेखांची नावे पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहेत.

त्या लेखातल्या मराठी वाक्याचा अर्थ असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल.

आम्ही हा अर्थ पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा आम्हाला देऊळ आठवले नाही, शाळा आठवली. ज्या मातीत हजार वर्षांपूर्वी कुणी दगडावर कोरून ठेवले की वाचणारा जिंकतो, त्याच मातीत एका मोठ्या समाजाला अक्षरापासून तोडून ठेवले गेले. वाचणारा जिंकतो हे ज्यांना माहीत होते, त्यांनीच ठरवले की कुणी वाचायचे नाही. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांचे दुःख तिने स्वतःच्या शब्दांत मांडले. 1018 ते 1855. हिशोब करा, 837 वर्षे होतात. कुडलच्या दगडापासून मुक्ताच्या निबंधापर्यंतचे हे अंतर हाही मराठी भाषेचा वारसाच आहे. अभिजाततेच्या भाषणात त्याचा उल्लेख होतो का?

म्हणून आम्ही आमच्या तरुणांना सांगतो, कुडलला जा. नवस करायला नव्हे, वाचायला जा. तो दगड आपला नाही असे म्हणू नका. तो कोणत्या छिन्नीने कोरला, खाणीतून कुणी काढला, नदीकाठापर्यंत कुणी ओढून आणला, याची नोंद नाही. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहते, घाम गाळणाऱ्याचे राहत नाही. पण घाम गाळल्याशिवाय दगड जागचा हलत नाही, हे समजायला शिलालेख वाचावा लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले मंगळवेढे घ्या. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चांगले झाले. पण त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गेले. परंपरा सांगते की 1338 साली गावाच्या कुसवाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले, त्यात चोखामेळा होते. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, ती भिंत बांधता बांधता ते मेले. मेल्यानंतरही त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर, पायरीपाशी झाली. बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण हा शोध घेणारा 1948 चा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, तो उगीच नव्हे. भक्ती सोडा, पण ती भिंत विसरू नका. गावाचे कुसू हा वारसा असेल, तर त्याखाली दबलेली माणसे हाही वारसा आहे.

वळसंगची विहीर

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वळसंग लागते. रोज शेकडो गाड्या तिथून जातात, बहुतेक देवदर्शनाला. त्या गाड्यांतल्या किती जणांना माहीत आहे, की या गावात बाबासाहेबांच्या हस्ते खुली झालेली विहीर आहे?

साल 1937. गावातल्या विहिरीवर आपल्या लोकांना पाणी मिळत नव्हते. मग त्यांनी स्वतःची विहीर केली आणि ती खुली करायला बाबासाहेबांना बोलावले. बाबासाहेबांनी स्वतः पोहरा सोडून पाणी काढले आणि ते प्यायले, असे सांगतात. वळसंगच्या लोकांनी ही आठवण जपली आहे.

आता या सालाकडे नीट पाहा. चवदार तळ्याचा उच्च न्यायालयातला निकाल 1937 सालचाच. स्वतंत्र मजूर पक्ष 1936 मध्ये निघाला आणि 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबई विधानसभेत गेले. कोर्टात जिंकणारा, विधानसभेत जाणारा बॅरिस्टर माणूस आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात विहिरीच्या काठावर उभा राहतो. का? कारण निकाल मुंबईत लागला तरी पाणी गावात प्यायचे असते.

आणखी एक गोष्ट. महाडला आपण सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगितला. वळसंगला आपण स्वतःच्या हाताने पाणी काढले. काही मित्र म्हणतात, स्वतःची वेगळी विहीर करणे म्हणजे वेगळेपण मान्य करणे. आम्हाला हे पटत नाही. हक्काचा लढा चालू असताना घरात घागर रिकामी ठेवता येत नाही. ही विहीर याचना नव्हती आणि माघारही नव्हती. रोज दुसऱ्याच्या दयेवर पाणी पिणारा माणूस उद्याच्या लढ्याला उभा राहू शकत नाही, हे ओळखून केलेली ती तयारी होती.

दयेवर पाणी पिणे म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीत ऐंशी पार केलेल्या एका आज्जींनी आम्हाला सांगितले, "पानी वाढा माय, असं म्हणून घागर खाली ठिवायची आन लांब उभं ऱ्हायचं. कुनाला दया आली तर वरून वतायची. न्हाई तर दुपार व्हायची." हे सांगताना त्यांनी हात उंच करून वरून ओतण्याची खूण केली. शब्द संपले तरी त्यांचा हात काही वेळ तसाच वर होता. त्या हाताचे चित्र कोणत्या संग्रहालयात आहे? गावातल्या जुन्या विहिरीचे दगडी बांधकाम किती सुंदर आहे याचे फोटो लोक टाकतात. त्या विहिरीपासून किती हातांवर आपल्या आज्ज्या उभ्या राहत होत्या, हे कोण मोजणार?

आणि विहिरी खणल्या कुणी? आमच्या जिल्ह्यात दगड फोडायला, विहिरीला तळ लावायला वडार समाजाची माणसे येत. आज इथे काम, उद्या पुढच्या गावाला. ज्या विहिरीचा खडक त्यांनी फोडला, तिच्या काठावर त्यांना मुक्काम नव्हता. वारशाची मांडणी करताना आपण फक्त आपल्याच जातीपुरते बोललो, तर आपणही वेस बांधली असे होईल.

फ्रान्समधल्या खेड्यातली धुण्याची जागा

आता जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत खालच्या संस्था. त्यांतल्या बहुतेक अगदी छोट्या, काही शे वस्तीच्या शेतकरी खेड्यांच्या. तिथे राजवाडे आणि चर्च हा वारसा आहेच. पण त्याबरोबर 'छोटा वारसा' असा एक शब्द तिथे रुळला आहे. त्यात काय येते? सार्वजनिक विहीर, गावाची सामाईक पावाची भट्टी, आणि बायकांची धुणे धुण्याची दगडी जागा, जिला ते 'लाव्हार' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात गावोगावी अशा जागा बांधल्या गेल्या. थंडीवाऱ्यात गुडघ्यांवर बसून बायका तिथे कपडे बडवत. त्यांत इतरांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या गरीब बायकाही होत्या. आज ती छपरे आणि ते दगड लोक वर्गणी काढून दुरुस्त करतात. 1984 पासून तिथे दरवर्षी वारसास्थळे सगळ्यांसाठी उघडण्याचा दिवस पाळला जातो. 1996 साली कायदा करून वारसा जपणारे एक प्रतिष्ठान उभे केले, आणि सरकारी यादीत न बसणाऱ्या गावोगावच्या लहान वास्तूंना ते मदत करते.

फ्रान्स म्हणजे स्वर्ग नव्हे. वसाहतींमधून आणलेल्या संपत्तीचा हिशोब त्यांनी अजून पुरता दिलेला नाही. पण कष्टकरी बाईने जिथे गुडघे झिजवले ती जागा गावाच्या वारशात धरायची, एवढी समज तिथल्या खेड्याने दाखवली. आपल्याकडे? आपल्याकडे परटिणीचा दगड कुठे होता हे कुणी सांगणार नाही.

तिथल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांचे स्मारक आहे आणि त्यावर एकेकाचे नाव आहे. आपल्या काही गावांतही इंग्रजांनी लावलेल्या दगडी पाट्या आहेत. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नावे नाहीत. त्या आकड्यात आपले किती, हे पाटी सांगत नाही. आपण विचारले नाही, म्हणून गावानेही सांगितले नाही.

आणि एक मोठा फरक विसरू नका. फ्रान्समधल्या धुण्याच्या जागेवर गरीब-श्रीमंत भेद असेल, पण पाणी कुणाच्या स्पर्शाने बाटत नव्हते. आपल्याकडे पाण्यालाच जात होती. त्यामुळे आपल्या गावाचा वारसा त्यांच्यासारखा नुसता गोड होऊ शकत नाही. तो खरा असेल तर कडूच असणार.

एका ओळीत बसवलेले आपण

आमच्या कामाच्या भागातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी गावाच्या इतिहासाची एक पुस्तिका निघाली. सोळा पानांची. देवळाला चार पाने, यात्रेला दोन, आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या फोटोंना पाच. आमच्या वस्तीबद्दल किती? एक ओळ. 'गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.' आम्ही ती पुस्तिका वस्तीतल्या एका काकांना वाचून दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "गुण्यागोविंदानं ऱ्हायलो असतो तर बापाला येसकराची काठी कशाला धरावी लागली असती?"

मित्रहो, हीच खरी लढाई आहे. शिवी देणाऱ्याशी भांडता येते. गुण्यागोविंदाने म्हणणाऱ्याशी कसे भांडायचे? त्याच्यासमोर पुरावा ठेवावा लागतो.

आणि पुरावा आहे. पत्र्याच्या पेटीत आहे. 1874 च्या वतन कायद्याने महारकी कागदावर बांधली. गावची हलकी कामे पिढ्यान्‌पिढ्या करायची, तराळकी, येसकरकी करायची, मढ्याचा सांगावा परगावी न्यायचा, आणि मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. 1941 साली कसबे तडवळ्याला, जे आज शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला ते आले. शेवटी 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. आजही अनेकांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असते. सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. तरीही किती वतनी जमिनी कवडीमोलाने, अंगठ्यावर, कच्च्या कागदावर हातच्या गेल्या, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे.

आता रस्त्यांसाठी जमिनी मोजल्या जातात, मोबदला वाटला जातो. अशा वेळी आजोबांचा जुना उतारा, फेरफार, सनद हा 'वारसा' असतो की नाही? भावकीतल्या नऊ जणांची नावे कोणत्या क्रमाने लागली हे सांगणारी एकच म्हातारी वस्तीत उरलेली असते. ती गेली की मोबदलाही जातो. म्हणून आम्ही म्हणतो, वारसा हा आपल्यासाठी हौसेचा विषय नाही, पोटाचा आहे.

सरकारी यादीची वाट पाहू नका. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात वास्तू प्राचीन ठरायला किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. त्या मापाने वळसंगची विहीर 2037 पर्यंत प्राचीन नाही. गंमत पाहा. पाणी नाकारणारी रूढी हजारो वर्षे जुनी म्हणून मानाची, आणि पाणी देणारी विहीर अजून लहान!

2020 च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. आपल्या लेकरांच्या शाळेच्या दाखल्यावर जुने नाव नको. भीमनगर, समतानगर ही नावे अभिमानाची आहेत. पण पाटी बदलली म्हणून वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला होती, का होती, तिची वाट कुठून वळसा घेऊन जात होती, ही नोंद पुसू देऊ नका. नाव बदलणे हा आपला हक्क आहे. इतिहास विसरणे ही त्यांची सोय आहे.

काय करायचे?

नुसते लिहून थांबणे आपल्या चळवळीला शोभत नाही. आम्ही काही वस्त्यांमध्ये जे सुरू केले आहे ते सांगतो. पैसे लागत नाहीत, रविवार लागतो.

पहिले, वस्तीतल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाशी, विशेषतः आज्ज्यांशी बोला आणि मोबाईलवर त्यांचा आवाज जपून ठेवा. परवानगी घ्या. पाणी कुठून आणत, बलुते कधी बंद केले, मेलेली जनावरे ओढणे कोणत्या साली सोडले, धम्मदीक्षेला गावातून कोण कोण गेले, कशाने गेले, हे विचारा. 'जुन्या काळी कसे होते' असे मोघम विचारू नका.

दुसरे, गावाचा नकाशा स्वतः काढा. देऊळ आणि चावडी दाखवाच, पण आपली विहीर, आपले मसणवटे, हाडकीची जमीन, वस्तीची जुनी वाट, पहिले विहार कोणत्या झोपडीत भरत होते, हेही दाखवा.

तिसरे, पेटीतली कागदपत्रे फोटो काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही, कार्यकर्त्यालासुद्धा, देऊ नका.

चौथे, हे सगळे ग्रामसभेत मांडा. ग्रामसभा ही संविधानाने मान्य केलेली जागा आहे. गावाच्या इतिहासात, शाळेच्या भिंतीवर, स्थळांच्या फलकावर या गोष्टी याव्यात असा ठराव मागा. नाकारला तर नाकारल्याची नोंद मागा. नकाराची नोंद हाही पुरावाच.

आणि पाचवे, आपल्या माणसांना सांगायचे. विहिरीला देऊळ करू नका. तिला हार घालून, गजाचे दार लावून, वर्षातून एकदा डीजे लावून आपले काम संपत नाही. बाबासाहेबांनी त्या काठावर पाणी काढले, आरती केली नाही. विहिरीचे पाणी स्वच्छ ठेवणे, ती खणणाऱ्यांची नावे शोधून दगडावर कोरणे आणि गावातल्या प्रत्येक जातीच्या लेकराला तिथे नेऊन तिची गोष्ट सांगणे, हा तिचा खरा मान आहे. कुडलच्या दगडाने सांगितले की वाचणारा जिंकेल. मग आपल्या विहिरीलाही वाचण्यासारखे काहीतरी असायला हवे.

काही जण म्हणतील, जुने उकरून काढले की गावात तेढ वाढते. आमचे उत्तर सरळ आहे. तेढ घागर वरून ओतताना होती. ती सांगितल्याने तयार होत नाही, ती सांगितल्याने संपण्याची शक्यता तयार होते. ज्या मराठा, लिंगायत, धनगर, मुस्लिम मित्रांनी आमच्याबरोबर बसून त्या आज्जींचे बोलणे ऐकले, त्यांनी मान खाली घातली, पण कुणी उठून गेले नाही. बंधुता अशीच सुरू होते. खोट्या गुण्यागोविंदातून नव्हे, खऱ्या कबुलीतून.

2037 साली वळसंगच्या विहिरीला शंभर वर्षे होतील. त्या दिवशी भाषण करायला पुढारी येतील, याची आम्हाला काळजी नाही, ते येणारच. काळजी ही आहे, की त्या दिवशी ती विहीर कुणी खणली, पहिली घागर कुणी भरली, बाबासाहेबांच्या हातातला पोहरा कुणाच्या घरचा होता, हे सांगणारे कुणी नसेल आणि लिहून ठेवलेलेही नसेल. तेवढे होऊ द्यायचे नसेल, तर येत्या रविवारी वही-पेन घेऊन आपापल्या गावी जा. गाव सोडून आलेल्यांनीच जायचे आहे.

जय भीम!